क्रिप्टो एक्सचेंज, खातेदाराची गोपनीयता व करचौकशी : कॉइनबेस समन्स प्रकरण

प्रस्तावना

बिटकॉइनचे व्यवहार निनावी असतात हा समज अर्धाच खरा आहे. ब्लॉकचेन ही सर्वांना खुली असलेली खतावणी होय. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे किती रक्कम गेली, हे तीत कायमचे नोंदले जाते. दडलेले असते ते केवळ पत्त्यामागचे नाव. हे नाव लेखी स्वरूपात जेथे सापडते ते प्रमुख ठिकाण म्हणजे क्रिप्टो एक्सचेंज, कारण तेथे बँकखाते व ओळखपत्र सादर करावे लागते. बँकेचे खातेपत्रक ठरावीक काळापुरते बोलते. पत्त्याला नाव एकदा जोडले गेले की मात्र त्या पत्त्याचे मागचे व पुढचे सारे व्यवहार उघडे पडतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॉइनबेस प्रकरणाच्या आधारे, करखाते अशी माहिती कितपत मागू शकते आणि त्या मागणीला मर्यादा नेमकी कोठून येते, याचे विवेचन केले आहे.

अनाम समन्स

अमेरिकेच्या इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस या करखात्याने २०१४ मध्ये आभासी चलनाला करापुरते मालमत्ता मानले. त्यामुळे विक्रीतील नफा करपात्र आहे हे स्पष्ट झाले. विवरणपत्रांची छाननी केली असता मात्र बिटकॉइनशी संबंधित दिसणारा व्यवहार २०१३ साली ८०७, २०१४ साली ८९३ व २०१५ साली ८०२ करदात्यांनीच दाखविल्याचे आढळले. देशातील सर्वांत मोठ्या एक्सचेंजचा पसारा पाहता ही संख्या नगण्य होती. खात्याचा संशय निराधार नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाच्या परवानगीने कॉइनबेसवर ‘जॉन डो’ समन्स बजावण्यात आले. जॉन डो म्हणजे आपल्याकडील ‘अमका-तमका’. करदात्याचे नाव ठाऊक नसताना त्रयस्थाकडून माहिती मागविण्याचा हा मार्ग होय. त्यासाठी समूह निश्चित असावा, करनियमांचा भंग झाला असावा असे मानण्यास वाजवी आधार असावा आणि माहिती अन्य मार्गाने सहज मिळणारी नसावी, अशा तीन अटी आहेत. या परवानगीची सुनावणी एकतर्फी होते. मूळ मागणी २०१३ ते २०१५ या काळात व्यवहार केलेल्या सर्व अमेरिकी ग्राहकांच्या जवळजवळ संपूर्ण दप्तराची होती.

कॉइनबेसने नकार दिला. २०१७ मध्ये खात्याने मागणी आवरती घेतली. कोणत्याही एका वर्षी खरेदी, विक्री, पाठवणे वा स्वीकारणे यांपैकी एका प्रकारात २०,००० डॉलर वा अधिक उलाढाल झालेलीच खाती आता मागण्यात आली. केवळ खरेदी करून चलन बाळगणारे वगळले गेले. तरीही १४,३५५ खातेदार व सुमारे ८९ लाख व्यवहार उरले. नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात न्यायालयाने नाव, जन्मतारीख, पत्ता, करदाता क्रमांक व व्यवहारांच्या नोंदी देण्यास सांगितले. पासपोर्टच्या प्रती, सार्वजनिक कळा व पत्रव्यवहार मात्र नाकारले. एखाद्या विशिष्ट करदात्याबाबत अधिक तपशील हवा असल्यास खात्याने त्याचे नाव घेऊन रीतसर समन्स काढावे, अशी त्यामागील भूमिका होती.

ही काटछाट खातेदाराच्या गोपनीयतेच्या हक्कातून आलेली नाही. मागितलेली माहिती करतपासाशी सुसंगत आहे काय, एवढ्याच निकषावर ती झाली. शिवाय एक्सचेंजने न्यायालयात झगडण्याचे ठरविले म्हणून ती झाली. एका निनावी खातेदाराला हस्तक्षेपाची मुभा मिळाली, पण बाकीचे हजारो या लढाईत प्रेक्षकच होते.

त्रयस्थाच्या हातातील माहिती

हक्काचा प्रश्न थेट उपस्थित झाला तो न्यू हॅम्पशायरमधील एका खातेदाराच्या दाव्यात. २०१९ मध्ये करखात्याने दहा हजारांहून अधिक करदात्यांना पत्रे पाठविली, त्यांत त्याचाही समावेश होता. कर भरल्याचे त्याचे म्हणणे होते. मिलर खटल्यात (१९७६) अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते की, बँकेला स्वेच्छेने दिलेल्या माहितीवर ग्राहकाला चौथ्या घटनादुरुस्तीचे संरक्षण मिळत नाही. कार्पेंटर खटल्यात (२०१८) मोबाइलच्या ठावठिकाण्याच्या नोंदींपुरता या तत्त्वाला अपवाद केला गेला. एक्सचेंजची नोंद बँकेसारखी की मोबाइलसारखी, हाच खरा वाद होता. सप्टेंबर २०२४ मध्ये फर्स्ट सर्किट अपील न्यायालयाने ती बँकेसारखी ठरविली आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. ब्लॉकचेनवरील पत्त्याचे वेगळेपण या साम्यात झाकले जाते, ही त्यातील उणीव होय.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाने मात्र कॅनरा बँक प्रकरणी २००४ मध्ये मिलरचा मार्ग नाकारला. गोपनीयता ही स्थळाची नसून व्यक्तीची असते, म्हणून कागद बँकेकडे गेल्याने ती संपत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तो वाद मुद्रांक कायद्याच्या आंध्र प्रदेशातील दुरुस्तीचा होता, क्रिप्टोचा नव्हे; तथापि तत्त्व तेच.

दरम्यान दोन्ही देशांत समन्सची गरजच कमी करणारी व्यवस्था उभी राहिली. भारतात २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आला आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारावर १ टक्का उद्गम करकपात सुरू झाली. एक्सचेंजवरील विक्रेत्याचा पॅन क्रमांक कपातीच्या विवरणातूनच खात्याकडे जातो. अमेरिकेत जानेवारी २०२५ पासूनच्या विक्रीव्यवहारांची माहिती एक्सचेंजने ठरावीक नमुन्यात कळविणे बंधनकारक झाले. या माहितीसाठी करखात्याला न्यायाधीशापुढे तीन अटी सिद्ध कराव्या लागत नाहीत.