अमेरिकेचा स्वदेशाभ्यास आणि एका सुइणीची रोजनिशी

संयुक्त संस्थानांतील पुष्कळ विश्वविद्यालयांत ‘अमेरिकन स्टडीज’ या नांवाची एक पदवी देण्यांत येते. इतिहास, वाङ्मय, समाजशास्त्र, कला, धर्म, राज्यव्यवस्था अशा अनेक विषयांच्या साहाय्यानें एकाच देशाच्या लोकस्थितीचा अभ्यास करावयाचा, हें तिचें स्वरूप. प्रथमदर्शनीं ही खिचडी वाटते. परंतु ज्यांनीं मल्लिनाथाची टीका वाचली आहे त्यांस यांत नवल वाटूं नये. एकाच श्लोकासाठीं तो पाणिनीचें सूत्र देतो, अमरकोश काढतो, अलंकार सांगतो आणि राजनीतीचा प्रसंग आला तर कामंदकास साक्षीस बोलावितो. श्लोक एक, शास्त्रें अनेक. अमेरिकन पदवीचें मर्म हेंच आहे. फरक इतकाच कीं, तेथें श्लोकाच्या जागीं एक सबंध समाज घेतलेला आहे.

या अभ्यासाचा इतिहास फार जुना नाहीं. हार्वर्ड येथें इतिहास व वाङ्मय यांचा जोड अभ्यासक्रम १९०६ पासून होता. तथापि अमेरिकन वाङ्मय म्हणजे इंग्रजी वाङ्मयाचें परिशिष्ट, ही समजूत तेथील विद्वानांत दृढ होती. ती हलविणाऱ्यांत व्हर्नन पॅरिंग्टन हे प्रमुख होत. अमेरिकन विचारप्रवाहांवरील त्यांचे दोन खंड १९२७ सालीं प्रसिद्ध झाले व १९२८ सालीं त्यांस पुलित्झर पारितोषिक मिळालें. पुढें येल येथें १९३३ सालीं या धाटणीची पहिली डॉक्टर पदवी दिली गेली, आणि १९३७ सालीं हार्वर्डनें ‘अमेरिकन संस्कृतीचा इतिहास’ या विषयांत तसाच अभ्यासक्रम सुरू केला. ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ हें त्रैमासिक मिनेसोटा येथें १९४९ सालीं निघालें. अभ्यासकांचें मंडळ १९५१ सालीं स्थापन झालें. आधीं त्रैमासिक व मग मंडळ, हा क्रम आमच्या वाचकांस थोडा उलटा वाटेल.

हार्वर्डची ती पदवी प्रथम मिळविणारे हेन्री नॅश स्मिथ यांनीं १९५० सालीं ‘व्हर्जिन लँड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिमेकडील मोकळ्या भूमीविषयीं अमेरिकनांच्या मनांत कोणत्या कल्पना रुजल्या होत्या हें दाखविण्यासाठीं त्यांनीं मुत्सद्द्यांच्या भाषणांबरोबर बाजारी स्वस्त कादंबऱ्याही वाचल्या. हें धाडस स्तुत्य होय. परंतु या संप्रदायावर १९७२ सालीं ब्रूस कुकलिक यांनीं त्याच त्रैमासिकांत कठोर आक्षेप घेतला: थोड्या ग्रंथांतील प्रतिमांवरून सबंध राष्ट्राचें मन ठरविणें प्रमाणशुद्ध नव्हे. आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. पंत कवींच्या पोथ्या वाचून पेशवाईंतील कुणब्याच्या मनांत काय होतें तें सांगूं जाणें, त्यांतलाच हा प्रकार.

या आक्षेपास उत्तर द्यावयाचें तर तें ज्यांस कोणी ग्रंथ म्हणत नाहीं अशा कागदांतून द्यावें लागतें. त्याचा एक उत्तम नमुना येथें थोड्या विस्तारानें देतों.

मेन प्रांतांत, केनेबेक नदीकांठीं, हॅलोवेल या गांवीं मार्था बॅलर्ड नांवाची सुईण होती. वयाच्या पन्नाशीस, १७८५ सालीं, तिनें रोजनिशी लिहावयास घेतली आणि १८१२ सालीं मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षें, ती चालविली. नोंदी अगदीं त्रोटक: हवा कशी होती, नदी गोठली कीं नाहीं, कोणाकडे बाळंतपण झालें, किती पैसे आले, घरीं किती सूत कांतलें. ८१६ बाळंतपणांची नोंद तींत आहे. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनीं ही रोजनिशी पाहिली होती. परंतु तींत घरगुती बारीकसारीक गोष्टींखेरीज विशेष कांहीं नाहीं, असें त्यांचें मत पडलें. वंशजांच्या घरीं ती राहिली, म्हणून वांचली. शेवटीं त्याच कुळांतील मेरी होबार्ट या डॉक्टर झालेल्या बाईंनीं १९३० सालीं ती प्रांताच्या सरकारी ग्रंथालयास दिली.

इतिहासाच्या अध्यापिका लॉरेल थॅचर उलरिक यांनीं १९९० सालीं या रोजनिशीवर ग्रंथ लिहिला व १९९१ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्यांनीं काय केलें? नोंदी मोजल्या, त्या न्यायालयाच्या दप्तराशीं, जमीनमोजणीच्या कागदांशीं व त्याच गांवच्या एका कारकुनाच्या रोजनिशीशीं ताडून पाहिल्या. अविवाहित स्त्रीनें प्रसववेदनांच्या वेळीं घेतलेलें बापाचें नांव न्यायालयांत पुरावा म्हणून चाले, आणि तें विचारून घेणें हें सुइणीचें काम होतें. १७९१ सालीं सॅली पियर्स हिनें अशा वेळीं घेतलेलें नांव खुद्द मार्थाच्या मुलाचें, जोनाथनचें, होतें. मार्थानें तें लिहून ठेविलें. पुढें त्या दोघांचें लग्न झालें. ही एक नोंद समजावयास कायदा, वैद्यक, कुटुंबरचना व नीतिकल्पना हीं चारही पाहिजेत. कांतलेल्या सुताच्या नोंदी घेतल्या तर पुरुषांच्या हिशेबवह्यांत न दिसणारा बायकांचा स्वतंत्र देवघेवीचा व्यवहार उघड होतो.

पदवीच्या विद्यार्थ्याकडून लहान प्रमाणांत हीच अपेक्षा असते. बहुतेक ठिकाणीं तो प्रारंभीं इतिहास व वाङ्मय यांचे सामान्य पाठ घेतो. मग शहर, स्थलांतर, वर्णभेद, धर्मपंथ असें एखादें सूत्र धरून त्याभोंवतीं निरनिराळ्या शास्त्रांचे पाठ जुळवितो, आणि अखेर प्रबंध लिहितो. येथेंच धोकाही आहे. चार शास्त्रांच्या ओसरीवर बसून एकाच्याही माजघरांत न शिरलेला पदवीधर निघूं शकतो. मल्लिनाथास व्याकरण येत होतें, म्हणून त्याचें इतर बोलणें शोभलें. मूळ कागद वाचतां येणें ही अट सैल होतां कामा नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील संग्राहकांचीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. रुमाल सोडतांना आपण सनद, महजर, मुत्सद्द्यांचीं पत्रें बाजूस काढतों. बाळंतिणीच्या खर्चाच्या याद्या, सुताचे हिशेब, सुइणीस दिलेल्या लुगड्याची नोंद हीं तशींच बांधून ठेवतों, आणि जागा नसली तर तींही ठेवीत नाहीं.

या अभ्यासांत परदेशस्थांनीं लिहिलेल्या वृत्तांतांसही मान आहे. फ्रेंच गृहस्थ तोकव्हिल यांचा १८३५ व १८४० सालीं दोन भागांत निघालेला ग्रंथ तेथें सर्वत्र वाचतात. त्याच जातीचा एक ग्रंथ मराठींत आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेंत होत्या. परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केलें. राज्यपद्धति, गृहस्थिति, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची अवस्था हीं प्रकरणें एका पुस्तकांत त्यांनीं गोंवलीं, तेव्हां या नांवाची पदवी कोठेंही नव्हती. त्याचा इंग्रजी अनुवाद २००३ सालीं निघाला. म्हणजे अमेरिकन विद्यार्थ्याच्या हातीं तो पडावयास ११४ वर्षें लागलीं.