जुन्या सुरीचे वय कसे ओळखावे?
शिकलगार, भंगार व्यापारी आणि संग्राहकांसाठी काही खुणा

बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली की सातारा, कराड, सांगली, मिरज येथील शिकलगारांच्या चाकांना उसंत मिळत नाही. घरोघरच्या ट्रंका उघडतात. आजोबांच्या वेळची सुरी, कुठल्याशा कोपऱ्यात पडलेला जंबिया, गंजलेला अडकित्ता असा माल बाहेर निघतो आणि "जरा चकचकीत करून द्या" या फर्माइशीसह चाकावर येतो. दहा मिनिटांत वस्तू नव्यासारखी होते. पण त्या दहा मिनिटांत कधीकधी शंभर वर्षांचा पुरावाही घासून जातो. हे मालकाला ठाऊक नसते आणि चाक फिरवणाऱ्यालाही नसते.

अशीच एखादी सुरी भंगारात किलोच्या भावाने जाते, तर कुठे पन्नास वर्षांचा माल 'बादशाही जमान्यातला' म्हणून विकला जातो. पहिल्या दोन प्रकारांत नुकसान पैशाचे आहे, तिसऱ्यात इमानाचे. म्हणून हातघडणीच्या जुन्या पात्याचे वय कसे ठरवायचे, हे या धंद्यातील प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

हा हुन्नर आपलाच

पवित्र कुरआनात हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आल्याचा उल्लेख आहे. लोखंडाचे काम हे हलके काम नव्हे, हे यावरून कळावे. 'शिकलगार' हा शब्दही अरबी 'सैकल' म्हणजे झिलई यावरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. शस्त्राला झिलई आणि धार देणारा तो शिकलगार.

१८१८ साली पेशवाई संपली, १८४८ साली साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८७८ च्या हत्यार कायद्याने सामान्य माणसाच्या हातातील शस्त्र गेले. कारागिरांचे गिऱ्हाईक संपले. मिरजेत याच समाजातील फरीदसाहेब यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली. त्यांच्या वारसांच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाकीचे सुऱ्या, अडकित्ते, विळे, कोयते यांकडे वळले. हा इतिहास वय ठरवताना उपयोगी पडतो. लढाईसाठी घडवलेले पाते बहुधा या बदलाच्या आधीचे असते, तर घरगुती व शेतीचा माल बहुधा नंतरचा.

आधी घाट पाहा

दोन आडव्या दांड्या मुठीत धरून वापरायची ती कट्यार. दुधारी आणि वाकडा तो जंबिया. पाठ जाड ठेवून टोकाकडे निमुळते होत गेलेले, चिलखत भेदण्यासाठीचे पाते म्हणजे पेशकब्ज. सरळ, एकधारी ती कर्द. नागमोडी पाते आणि कड्यासारखी मूठ असेल तर बिचवा.

परंतु घाट जुना म्हणजे वस्तू जुनी, असे समजू नये. कट्यार शेकडो वर्षे त्याच आकारात घडत होती आणि सजावटीसाठी आजही घडते. घाटावरून वस्तूचे कूळ कळते, साल कळत नाही. साल कळण्यासाठी पोलाद पाहावे लागते.

पोलाद काय सांगते?

जुन्या भट्टीतील लोखंडात मळीच्या बारीक रेषा राहत. असे पाते गंजले की त्यावर लाकडासारखे लांब तंतू दिसतात. पूर्वी पोलाद महाग होते. म्हणून लोहार अंग लोखंडाचे करी आणि धारेपुरती पोलादाची पट्टी जोडून घेई. अशा पात्यावर धारेला समांतर एक पुसट सांधा दिसतो. तो दिसला तर पाते जपून ठेवावे.

दख्खनचे मुशीतील पोलाद जगप्रसिद्ध होते. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथे ते घेण्यासाठी इराणी व्यापारी येत. त्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी असते. तिला जौहर म्हणतात. हिराकसाच्या पाण्याने ती उठून दिसते. आज 'दमास्कस' नावाने विकले जाणारे बहुतेक नवे चाकू थरावर थर ठोकून बनवलेले असतात. त्यांची नक्षी वेगळी, ठळक व पट्टेदार असते. काही लबाड लोक साध्या पात्यावर तेजाबाने नक्षी काढतात. ती वरवरची असते आणि घासली की जाते. खरा जौहर पोलादाच्या अंगातच असल्याने घासल्यावर लपला तरी हिराकस लावताच परत दिसतो.

१८५६ साली इंग्लंडात बेसेमरची रीत निघाली आणि पोलाद स्वस्त झाले. १९१२ साली टाटांच्या साकची येथील कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले. गिरणीचे पोलाद एकसारखे असते, त्यात तंतू दिसत नाहीत. मोटारी रस्त्यावर आल्यावर लोहारांनी गाडीचे पाटे वापरायला घेतले. तेव्हा मोटारीच्या पाट्यापासून घडवलेली सुरी विसाव्या शतकाच्या आधीची असणे शक्य नाही. पाते मुठीत जिथे शिरते तिथे पाट्याचे भोक किंवा मूळ जाडी कधीकधी शिल्लक असते. कानशीपासून केलेल्या सुरीवर कानशीच्या दात्यांची जाळी राहून जाते. न गंजणारे पोलाद १९१३ साली शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने तयार केले. तेव्हा स्टेनलेसचे पाते त्याआधीचे कोणी सांगत असेल तर सरळ नकार द्यावा.

येथे एक सावधगिरी हवी. लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, अशी समजूत आहे. ती चूक आहे. चाकूसाठी वापरले जाणारे स्टेनलेस लोहचुंबकाला चिकटतेच.

मूठ, रिव्हेट आणि छाप

पात्याचे व मुठीचे वय वेगवेगळे काढावे. मराठ्यांच्या काळातही युरोपातून आलेल्या पात्याला इकडची मूठ बसवून 'फिरंग' तलवार तयार होत असे. पाते जुने आणि मूठ नवी, ही गोष्ट नेहमीचीच आहे. शिंग, शिसव, पितळ यांवरून साल सांगता येत नाही. बेकेलाइट मात्र १९०७ चा शोध आहे, त्यामुळे अशी मूठ त्यानंतरचीच. मुठीची झीज आणि पात्याची झीज जुळते का, ते पाहावे. घासून निम्मे झालेले पाते आणि करकरीत मूठ असेल तर मूठ बदललेली आहे.

विलायती चाकूवर 'जर्मनी' हा शब्द असेल तर तो बहुधा १८८७ नंतरचा. परक्या मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती इंग्लंडने त्या वर्षी केली. कागदपत्रेही साल सांगतात. चाकूबरोबर जपलेल्या बिलावर 'दक्षिण सातारा' असा जिल्हा असेल तर ते बिल १९४९ ते १९६० मधील, कारण पुढे त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले.

कागद नसेल तर काय होते, हे २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून आलेल्या वाघनखांच्या बाबतीत दिसले. त्यांच्या पेटीवर साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती मिळाल्याचा लेख आहे. तरीही ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असे त्या लंडनच्या संग्रहालयानेच सांगितले. एवढ्या मोठ्या संस्थेला असे सांगण्यात कमीपणा वाटत नाही, मग आपल्याला का वाटावा?

दुकानात काय करावे?

गिऱ्हाइकाने जुने पाते आणले तर चाकावर घेण्यापूर्वी उजेडात नीट पाहावे. छाप, अक्षर, जौहर किंवा सांधा दिसला तर त्याला सांगावे. मऊ फडके आणि थोडे तेल पुरेसे आहे. लाल गंज हलक्या हाताने काढावा, पण जुना काळपट रंग जाऊ देऊ नये. संग्राहक त्याचेच पैसे देतो. ठिणगीची परीक्षा घ्यायचीच असेल तर मुठीत लपलेल्या भागावर आणि मालकाला विचारून घ्यावी. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांवरील कलावस्तू किंवा ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाही. घरगुती किंवा शेतीच्या वापराचे नसलेले, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते हत्यार कायद्याखाली येऊ शकते. हस्तिदंती मुठीची खरेदी-विक्री बंद आहे आणि सांबरशिंगाच्या मुठीलाही वन्यजीव कायदा लागू आहे. शंका असेल तर आधी चौकशी करावी आणि मगच सौदा करावा.

ऐब सांगून विका

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. 'मूठ बदललेली आहे', 'पाते पाट्याचे आहे, साल नक्की नाही' एवढे सांगितल्याने एखादा सौदा फिसकटेल. पण तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल आणि चार जणांना घेऊन येईल.

शेवटी कारागीर बंधूंना एक विनंती. आपल्या वाडवडिलांनी उत्तम पाती घडवली, पण बहुतेकांनी नाव कोरले नाही. म्हणून आज त्यांची किंमत अंदाजावर ठरते. आपण घडवलेल्या प्रत्येक सुरीवर नाव, गाव आणि साल यांचा लहानसा छाप मारावा आणि वहीत पोलादाची जात लिहावी : पाट्याचे ई. एन. ४५, बेअरिंगचे ई. एन. ३१, जे असेल ते. याला खर्च जवळजवळ नाही. आपल्या नातवंडांना मात्र आपल्या सुरीचे वय असे शोधत बसावे लागणार नाही.