दीर्घकालीन निद्रानाशासाठी डिजिटल बोधात्मक वर्तनोपचार

दीर्घकालीन निद्रानाशासाठी डिजिटल बोधात्मक वर्तनोपचार ही संकेतस्थळ किंवा मोबाईल ॲपद्वारे दिली जाणारी, औषधाविना चालणारी उपचारपद्धती आहे. झोपेसाठी पुरेशी सवड असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री झोप न लागणे, ती वारंवार मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे आणि त्यामुळे दिवसाचे व्यवहार बिघडणे, ही अवस्था ३ महिने टिकल्यास तिला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. धानाला पाणी देण्यासाठी रात्री मोटरपंप सुरू करायला जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याचे जागरण या व्याख्येत बसत नाही. त्याला झोपेची सवडच मिळालेली नसते.

कार्यपद्धती

रुग्ण रोज झोपेची नोंदवही भरतो. अंथरुणात ८ तास घालवून प्रत्यक्ष झोप साडेपाच तासच होत असेल, तर सुरुवातीला अंथरुणातील वेळ साडेपाच तासांवर आणला जातो. त्यामुळे झोपेची ओढ वाढते व झोप सलग होऊ लागते. अंथरुणातील सुमारे ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की ही मर्यादा साधारणतः १५ मिनिटांच्या टप्प्याने वाढवतात. झोप येत नसल्यास अंथरुणातून उठणे, रोज ठरलेल्या वेळी उठणे आणि ‘आज झोप झाली नाही, तर उद्याचा दिवस वाया जाईल’ यांसारख्या विचारांची पडताळणी करणे, हेही उपचाराचे भाग आहेत. डिजिटल कार्यक्रमात नोंदींवरून झोपेची वेळ संगणक ठरवतो.

इतिहास

अंथरूण व जागरण यांचा मनात जडलेला संबंध तोडण्याचे तंत्र रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले. अंथरुणातील वेळ मर्यादित करण्याची पद्धत आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर बोधात्मक वर्तनोपचार हा पहिला उपचार असावा, अशी शिफारस केली. डिजिटल कार्यक्रमांपैकी ‘सॉमरिस्ट’ला २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची अनुमती मिळाली, तर ‘स्लीपिओ’ची शिफारस २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने केली.

मर्यादा

पहिल्या काही आठवड्यांत दिवसा झोप अनावर होऊ शकते. त्यामुळे वाहनचालक व यंत्रावर काम करणाऱ्यांना विशेष सावधगिरी आवश्यक असते. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांमध्ये झोप कमी केल्याने आजार बळावण्याचा धोका असतो. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारावर स्वतंत्र उपचार लागतो. झोपेच्या गोळ्या अचानक बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी कराव्या लागतात. अनेक वापरकर्ते कार्यक्रम अर्धवट सोडतात.

महाराष्ट्रातील उपलब्धता

प्रशिक्षित उपचारक प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांना डिजिटल पद्धतीची उपयुक्तता अधिक आहे. मात्र वर उल्लेखिलेले कार्यक्रम इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी तयार झाले आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या शासकीय ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य समुपदेशन मिळते. तथापि ती सेवा म्हणजे हा टप्प्याटप्प्याचा उपचार नव्हे. या उपचाराची मूळ साधने नोंदवही व घड्याळ हीच असल्याने मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो ॲपविनाही करता येतो.