ओळख आणि खातरजमा

मोठ्या कचेरीत शेकडो संगणक असले, म्हणजे प्रत्येक संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव व पासवर्ड निराळा नोंदवणे दुर्घट होते. कर्मचारी नोकरी सोडून जातो आणि त्याचे नाव कोठेतरी मागे राहून जाते. म्हणून सर्वांची एकच नोंदवही एका सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत पडली. या नोंदवहीस डिरेक्टरी म्हणतात. तिला प्रश्न विचारण्याची जी सुटसुटीत रीत अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९३ साली प्रसिद्ध झाली, ती एलडॅप होय.

सोय मोठी, परंतु नोंदवही एक, म्हणून खोळंबाही सर्वांचा एकदमच होतो. अशा वेळी लिनक्स सर्व्हर 'परवानगी नाही' एवढेच सांगतो. दाराशी उभा असलेला मनुष्य परकाही असू शकेल. तेव्हा त्याला कारण न सांगणेच इष्ट. ते शोधावयाचे असते आतल्या दप्तरात.

हा मनुष्य कोण, आणि तो खरोखर तोच कशावरून, हे दोन प्रश्न लिनक्स दोन निरनिराळ्या यंत्रणांना विचारतो. ओळख पटविणारी यंत्रणा एनएसएस, आणि खातरजमा करणारी पॅम. तपासाचा क्रमही हाच ठेवावा. 'गेटएंट' ही आज्ञा देऊन नाव विचारावे. उत्तरच आले नाही, तर पासवर्डाला दोष देण्यात अर्थ नाही. डिरेक्टरीपर्यंतची वाट, तिचा पत्ता किंवा शोधाची जागा चुकलेली असते. नाव सापडले, पण प्रवेश नाकारला गेला, तर मात्र पॅमकडे वळावे. डिरेक्टरीने ४९ क्रमांकाची त्रुटी कळविली असेल, तर दिलेले नाव व पासवर्ड तिला मान्य नाहीत असे समजावे. कर्बेरोस पद्धत वापरात असेल, तर घड्याळेही पाहावीत. दोन संगणकांच्या वेळेत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक अंतर पडले, की बरोबर पासवर्डही व्यर्थ ठरतो.

कधी जुनी स्मृतीच फसविते. एसएसएसडी ही सेवा मिळालेली माहिती स्वतःजवळ राखून ठेवते. निराळी सूचना नसल्यास तिची मुदत ९० मिनिटे असते. म्हणून दुरुस्ती होऊनही दोष तसाच दिसतो.

सर्वांत मोठा मोह मात्र निराळाच आहे. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, की जोडणी तुटते. आणि घाईत त्या प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा सल्ला दिला जातो. दार उघडते खरे, पण मग कोणी तोतया सर्व्हर मध्ये उभा राहून सर्वांचे पासवर्ड गोळा करू शकतो. प्रमाणपत्र नवे करणे हाच खरा उपाय. आणि पॅमच्या नियमांना हात लावण्यापूर्वी, डिरेक्टरीवर अवलंबून नसलेल्या खात्याने एक प्रवेश उघडा ठेवावा. नाहीतर दुरुस्त करणाराच बाहेर अडकतो.