धारेची परीक्षा

घडीचा चाकू आणि कटर यांपैकी अधिक तीक्ष्ण कोण, या प्रश्नाचा फैसला बहुधा कागदाच्या कडेवर किंवा मनगटावरील लवीवर तत्क्षणी उरकला जातो. आणि दोन्ही पाती नवी कोरी असताना अशी परीक्षा घेतली, तर मोलाने कितीतरी स्वस्त असलेला कटरच बहुतेक वेळा सरस ठरतो. हा निकाल खोटा नाही, पण तो अपुऱ्या पुराव्यावर दिलेला आहे. कारण पात्याच्या तीक्ष्णतेत धारेच्या अग्राची सूक्ष्मता, त्या अग्रामागील पात्याची जाडी आणि धार टिकून राहण्याची मुदत असे निदान तीन स्वतंत्र गुण एकत्र नांदत असतात, आणि त्या तिन्हींचा जमाखर्च वेगवेगळा मांडल्यावाचून कोणत्याही पात्याला न्याय मिळत नाही.

प्रथम अग्राचा विचार करू. धार डोळ्यांना रेषेसारखी भासत असली, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ती एक गोलसर कडाच असते, आणि ही कडा जितकी अरुंद, तितका हाताचा जोर थोड्या क्षेत्रात एकवटून पदार्थावरील दाब वाढतो. एक किलोग्रॅम वजनाइतका भार १ सेंटिमीटर लांबीच्या धारेवर दिला आणि त्या धारेची रुंदी १ मायक्रोमीटर असली, तर तिच्याखालील पदार्थावर वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट दाब पडतो. तीच धार झिजून १० मायक्रोमीटर रुंद झाली, की त्याच भाराने पडणारा दाब एक हजार पटींवर उतरतो. मनुष्याचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे चाकूला निकामी करणारा बोथटपणासुद्धा नुसत्या डोळ्यांच्या टप्प्याबाहेर राहतो, हे उमगते. अमेरिकेत रूढ असलेल्या ‘बेस’ नामक श्रेणीत ठरावीक जातीचा कृत्रिम धागा तोडण्यास किती ग्रॅम भार लागतो, यावरून धारेला अंक देतात. त्या श्रेणीत दाढीचे दुधारी पाते साधारणतः ५० च्या आसपास, कटरचे नवे पाते १०० ते २०० च्या दरम्यान, आणि कारखान्यातून आलेला उत्तम चाकू बहुधा त्याहूनही वरच्या, म्हणजे अधिक बोथट, अंकांत बसतो.

कटरच्या या यशाचे श्रेय मुख्यतः घडणीच्या पद्धतीला आहे. कटरची पाती पोलादाच्या लांबलचक पट्टीतून सलग तयार होतात. ती पट्टी तापवून, एकदम निववून कठीण केली जाते आणि मग ठरावीक कोनात घासणाऱ्या चाकांमधून अखंड पुढे सरकते, त्यामुळे हजारो पात्यांना जवळजवळ एकसारखी धार चढते. घडीच्या चाकूचे पाते जाडही असते आणि टोकाकडे वळलेलेही. त्याची धार सुटी सुटी काढावी लागते, आणि तिला अखेरचा हात कितपत काळजीने दिला गेला, यावर तिची सूक्ष्मता अवलंबून राहते.

जाडीच्या बाबतीतही प्रथमदर्शनी कटरचाच पक्ष बळकट दिसतो. खाचांवर मोडत जाणाऱ्या पात्याची कल्पना योशिओ ओकादा यांनी १९५६ साली जपानमधील ओसाका येथे साकार केली. बोथट झालेली काच फोडून नवी धार काढणारे कारागीर आणि रेषांवर मोडणारी चॉकलेटची वडी, अशा दोन आठवणी त्यांच्या मनात एकत्र आल्या होत्या. या जातीतील ९ मिलिमीटर रुंदीचे पाते अवघे ०.३८ मिलिमीटर जाड असते. त्यामुळे पुठ्ठ्यात खोल शिरल्यावरही त्याला दोन्ही बाजूंचा पदार्थ पाचरीप्रमाणे रेटत बसावे लागत नाही. याउलट, स्वित्झर्लंडमधील इबाख येथील कार्ल एल्सेनर यांनी १८९१ पासून स्विस सैन्याला जे चाकू पुरवले, त्यांच्या परंपरेतील पाते अनेक पटींनी जाड असते आणि खोल छेद घेताना अधिक जोर मागते. परंतु हीच जाडी लाकूड तासताना, दोर तोडताना, पाते किंचित पिळले गेले तरी, त्याला तगवून धरते; कटरचे पाते अशा प्रसंगी तडकून त्याचा तुकडा डोळ्याकडे उडण्याची धास्ती असते.

आता मुदतीचा प्रश्न. इंग्लंडमधील शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे पुरातन माहेरघर. तेथील ‘कॅट्रा’ या संशोधनसंस्थेच्या यंत्रावर पात्याची जी परीक्षा होते, तिला आयएसओ ८४४२-५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार आहे. पाच टक्के सिलिका मिसळलेल्या जाड कागदाच्या थप्पीवर ५० न्यूटन भाराखाली पात्याच्या ६० फेऱ्या होतात. आरंभीच्या तीन फेऱ्यांत किती कागद कापला गेला, ही मूळ तीक्ष्णता, आणि एकंदर किती कापला गेला, हे धारेचे आयुष्य, असे दोन निराळे आकडे दप्तरी नोंदवले जातात. पोलादाहून कितीतरी मऊ पदार्थ पोलादाला कसा झिजवतो, याचे एक मार्मिक उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात दिले: दाढीच्या पात्याहून सुमारे ५० पटींनी मऊ असलेला केस तिरका वाकून पात्याला भिडतो, आणि जेथे पोलादाची अंतर्रचना विषम असेल, तेथे धारेचा सूक्ष्म टवका उडवतो. धार केवळ घासून झिजते असे नाही, ती तुटतेही. म्हणूनच पाते नुसते कठीण असून भागत नाही, त्याला चिवटपणाचीही जोड लागते, आणि या दोन गुणांचा तोल पोलादाला पाणी देणाऱ्याने साधायचा असतो.

हे मर्म जुन्या कारागिरांना ठाऊक होते, याचा एक दाखला मुंबईशी निगडित आहे. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून ‘वूट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे त्यांची चिकित्सा मांडली. त्या वेळी जेम्स स्टोडार्ट या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराने ते पोलाद मंद आचेवर घडवून त्याचा एक छोटा चाकू केला, आणि त्याची धार उत्तमोत्तम चाकूच्या तोडीची निघाली. धातूची ही परीक्षा प्रयोगशाळेतील विश्लेषणाइतकीच पात्याच्या धारेवरही घेतली गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तेव्हा या वादाचा निवाडा असा: नव्या पात्याची सूक्ष्मता आणि सडपातळपणा यांत कटर श्रेष्ठ, पण त्याची धार बोथट झाली की तुकडा मोडून टाकायचा असतो, आणि दर वेळी थोडे पोलाद कचऱ्यात जमा होते. घडीच्या चाकूची धार मात्र पुनःपुन्हा सजीव करता येते. प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांचा कोन राखून पाते बारीक निसण्यावर धीराने फिरवावे, एका बाजूच्या घासण्याने पलीकडे निघालेली पोलादाची अतिसूक्ष्म किनार बोटाला जाणवली की बाजू बदलावी, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ती किनार झडवावी. एवढ्या श्रमाने सामान्य चाकूही कटरच्या कोऱ्या पात्याची बरोबरी करू शकतो. घरोघरीचे चाकू बोथट असतात, ते पोलाद हीन असते म्हणून नव्हे. निसण्याची विद्या आपण दुसऱ्यांवर सोपवली आणि मग तीही विसरलो म्हणून. बोथट पात्याला जोर अधिक लावावा लागतो, आणि जोराने निसटलेले पातेच हाताला खोल जखम करते. सबब ही विद्या मुलांना वेळीच शिकवणे, हा त्यांच्या सुरक्षिततेचाही भाग मानला पाहिजे.