दशमांशाचा प्रवास : मेरीलँडहून वार्तापत्र

सिल्व्हर स्प्रिंग (मेरीलँड) : अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन जिथे संपते तिथून उत्तरेला मेरीलँड राज्याची उपनगरे सुरू होतात, आणि त्यांपैकीच सिल्व्हर स्प्रिंग येथे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे जागतिक मुख्यालय १९८९ पासून आहे. त्याआधी ते जवळच्याच टाकोमा पार्क या गावी होते व त्याही आधी मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे. रविवारऐवजी शनिवार हा शब्बाथ, म्हणजे पवित्र विश्रांतीचा दिवस, मानणे आणि ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले आहे असा विश्वास बाळगणे या दोन गोष्टी पंथाच्या नावातच आलेल्या आहेत. १९०१ साली सुमारे पाऊण लाख सभासद असलेला हा पंथ १९३० पर्यंत तीन लाखांच्या पुढे गेला, आणि या वाढीचे श्रेय उपदेशकांच्या वक्तृत्वाला जितके द्यावे लागते तितकेच कारभाराच्या एका फेररचनेलाही द्यावे लागते.

या फेररचनेचे महत्त्व कळण्यासाठी अमेरिकेत धर्मसंस्था कशा चालतात हे थोडे पाहिले पाहिजे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने येथील संघराज्य सरकारला कोणताही धर्म अधिकृत म्हणून स्थापन करण्यास मनाई केली असल्यामुळे प्रत्येक पंथाला आपला खर्च आपल्याच अनुयायांच्या वर्गणीतून भागवावा लागतो, आणि मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवायची तर राज्याच्या कायद्याप्रमाणे रीतसर नोंदणी करावी लागते. ॲडव्हेंटिस्टांना नेमके हेच नको होते. विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी धरलेल्या २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी ख्रिस्त आला नाही, आणि त्या निराशेतून उरलेल्या लहानशा गटांना संघटित चर्च म्हणजे बायबलमधली भ्रष्ट बाबेल नगरीच वाटत होती. परंतु त्यांचा छापखाना जेम्स व्हाइट या एकट्या पुढाऱ्याच्या नावावर होता, आणि त्यांचे काही बरेवाईट झाले तर सगळ्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रांचे काय, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. म्हणून १८६० मध्ये पंथाचे नाव ठरले आणि १८६३ च्या मे महिन्यात जनरल कॉन्फरन्स ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तेव्हा सभासद साडेतीन हजारांच्या आसपास होते. नोंदणीच्या कटकटीतून जन्माला आलेल्या या संस्थेचा कारभार पुढे चार दशके इतका एकवटत गेला की ऑस्ट्रेलियातल्या कामाचा निर्णयही बॅटल क्रीकला पत्र धाडून, उत्तराची महिनोन्‌महिने वाट पाहून घ्यावा लागे.

ऑस्ट्रेलियातच यावर तोडगा निघाला. तेथे १८९४ मध्ये अनेक स्थानिक कॉन्फरन्सेस, म्हणजे मंडळ्यांचे प्रादेशिक संघ, मिळून एक युनियन कॉन्फरन्स उभी राहिली आणि जागेवर घेता येण्यासारखे निर्णय जागेवरच होऊ लागले. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात बरीच वर्षे काढलेले ए. जी. डॅनियल्स व तेथे नऊ वर्षे राहिलेल्या, पंथात संदेष्ट्या म्हणून मानल्या गेलेल्या एलन व्हाइट यांनी हाच अनुभव बॅटल क्रीकच्या एप्रिल १९०१ च्या महाअधिवेशनापुढे ठेवला. अधिवेशनाने युनियनची पायरी सगळीकडे लागू केली, शब्बाथ शाळा, प्रकाशन, परदेशी मिशन अशी कामे करणाऱ्या स्वतंत्र मंडळांना कार्यकारी समितीखालचे विभाग बनवायला सुरुवात केली आणि अध्यक्षपदच रद्द करून समितीने आपला सभापती निवडावा असे ठरवले. शेवटची गोष्ट दोन वर्षेही टिकली नाही. १९०३ मध्ये ओकलंडच्या अधिवेशनात अध्यक्षपद परत आले आणि डॅनियल्स १९२२ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. दरम्यान पंथाचे बॅटल क्रीकमधील आरोग्यधाम व छापखाना १९०२ मध्येच जळाले, आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्याशी वाद विकोपाला जाऊन १९०७ मध्ये त्यांना पंथाबाहेर काढले गेले, आणि मुख्यालय वॉशिंग्टनजवळ हलले.

मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजारच्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. गावची ग्रामपंचायत, मंगरुळपीरची पंचायत समिती, वाशीमची जिल्हा परिषद आणि वर मुंबईचे मंत्रालय, तशीच येथे स्थानिक मंडळी, कॉन्फरन्स, युनियन व जनरल कॉन्फरन्स अशी उतरंड आहे. फरक पैशाच्या दिशेचा आहे. पंचायत राजमध्ये निधी बहुतांशी वरून खाली येतो, तर येथे तो खालून वर जातो. सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, देतो. स्थानिक मंडळी त्यातला एक पैसाही स्वतःच्या इमारतीवर खर्च न करता तो कॉन्फरन्सकडे पाठवते. कॉन्फरन्स त्यातून पाळकांचे पगार देते आणि आपल्या वाट्याचा दशमांश युनियनला, तर युनियन आपला जनरल कॉन्फरन्सला पाठवते. पाळकाचा पगार त्याच्यासमोर बसणाऱ्या श्रीमंत सभासदाच्या हातात नसल्यामुळे त्याला कुठेही पाठवता येते, अगदी समुद्रापलीकडेही, आणि मिशनविस्ताराचे खरे इंजिन हेच होते.

दशमांशाशिवाय मिशनसाठी वेगळी वर्गणी असे. आयोवा राज्यातील सॅक सिटीचे रोपवाटिकावाले जॅस्पर वेन यांनी १९०३ मध्ये पंथाच्या नियतकालिकाच्या ५० प्रती मागवल्या, त्या वाटून झाल्यावर चुकून आणखी ५० आल्या, तेव्हा प्रत हातात देऊन ‘मिशनसाठी काही द्या’ असे ते पंथाबाहेरच्या गिऱ्हाइकांनाही म्हणू लागले. पाच वर्षांत, १९०८ मध्ये, हीच रीत साऱ्या पंथाने अंगीकारली आणि हंगामी वर्गणीची मोहीम होऊन बसली. एखाद्या दुकानदाराची युक्ती अशी थेट धोरण होणे हे अमेरिकन धर्मजीवनाचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

हिंदुस्थानात हे काम १८९० च्या दशकात पुस्तकविक्रेत्यांपासून सुरू झाले. १८९५ मध्ये जॉर्जिया बरस कलकत्त्याला आल्या, १८९८ मध्ये विल्यम ए. स्पायसर आले, आणि १८९९ च्या अखेरीस कर्माटार येथे देवीच्या साथीत डी. ए. रॉबिन्सन दगावल्यावर स्पायसर हे देशातले एकमेव दीक्षित पाळक उरले. हेच स्पायसर १९०३ पासून जनरल कॉन्फरन्सचे चिटणीस आणि १९२२ ते १९३० अध्यक्ष होते. म्हणजे साऱ्या जगाची मिशने ज्याच्या टेबलावरून चालली त्याला कलकत्त्याचा उन्हाळा ठाऊक होता. कोइंबतूरला १९१५ मध्ये सुरू होऊन पुढे बंगळूरला गेलेल्या प्रशिक्षणशाळेला १९३७ मध्ये त्यांचे नाव मिळाले, १९४२ मध्ये ती पुण्यात आली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने तिचे विद्यापीठ झाले. दक्षिण आशिया विभाग १९१९ मध्ये स्थापन झाला. त्याचे कार्यालय लखनौहून पुण्याच्या सॅलिसबरी पार्कात आले व १९८९ मध्ये तमिळनाडूतील होसूरला गेले. मराठी मुलखात पंथाच्या शाळांची नावे निघाली की लासलगाव आणि हातकणंगल्याजवळचे आळते ही नावे येतात.

वऱ्हाडात मात्र अकोल्याभोवती अलायन्स मिशन हे दुसरे प्रॉटेस्टंट मिशन आधीच रुजलेले होते. प्रॉटेस्टंट मिशनांनी मुलूख आपसांत वाटून घेण्याचा एक करार पाळला होता, आणि शनिवारचा शब्बाथ साऱ्या जगाला सांगायचा असल्यामुळे ॲडव्हेंटिस्ट तो मानायला तयार नव्हते. इतर मिशनांची तक्रार समजण्यासारखी होती, कारण कष्टाने जमवलेली मंडळी फोडली जाण्याची भीती त्यांना होती. १९२६ मध्ये पंथाने इतर मिशनांनाही ख्रिस्ताच्या कार्यात सहभागी मानणारे निवेदन मंजूर केले, पण मुलूख सोडला नाही.

१९०१ च्या विकेंद्रीकरणाची एक बाजू मात्र हिंदुस्थानच्या वाट्याला आली नाही. आपल्या पैशावर उभी असलेली संघटना कॉन्फरन्स ठरते आणि पदाधिकारी निवडते, तर वरून पैसा घेणारी संघटना मिशन ठरते आणि तिचे पदाधिकारी वरच्या समितीकडून नेमले जातात, जणू निवडून आलेल्या सभागृहाऐवजी प्रशासक बसलेली जिल्हा परिषद. १९१० मध्ये हिंदुस्थानात जी युनियन झाली ती मिशन या वर्गातली होती. ऑस्ट्रेलियाने जे स्वातंत्र्य बॅटल क्रीककडून मागून घेतले, तेच पुणे-लखनौला देताना त्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारी समिती हात राखून वागली, आणि पैसा अमेरिकेतून येतो हे तिचे कारण हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड होते. पुण्यातून चालणारी वेस्टर्न इंडिया युनियन आजही ‘सेक्शन’ या, मिशनच्या बरोबरीच्या, वर्गात मोडते.