कोंबडीला कडुनिंब की कंपनीचं औषध?

पावसाळा आला की परसदारच्या कोंबड्यांना उवा, गोचीड आणि जंतांचा त्रास सुरू होतो आणि घराघरांत एकच वाद रंगतो. केमिकल वापरावं तर अंडी पोरांच्या पोटात जातात, पाला वापरावा तर कोंबडी हातची जाते. मग करायचं काय?

संध्याकाळ झाली की कोंबड्या कुणी न हाकता आपापल्या खुराड्यात शिरतात. कोंबड्या पाळणाऱ्या घरातला हा न चुकणारा नेम. पण कधी कधी तो चुकतो. अंधार पडत आला तरी कोंबड्या दाराशी घुटमळतात. एखादी पेरूच्या फांदीवर चढून बसते. बळेच आत घातली तर रात्रभर कुरकुरते. हळूहळू तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात. पोरं म्हणतात, कोंबड्यांना भूत दिसलं! घरातली आजी मात्र खुराड्याच्या फटीतून बोट फिरवून बघते. बोटाला रक्ताचा डाग लागला की, भूत कुठे दडलंय ते तिला बरोबर कळतं.

भिलाई म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पोलादाचा कारखाना. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भातशेतीच्या मधोमध एक नवं शहर उभं राहिलं. देशभरातून माणसं आली, शेजारच्या विदर्भातून मराठी कुटुंबंही आली. पण टाउनशिपच्या सेक्टरांचे सरळ रस्ते संपले की थोड्याच अंतरावर छत्तीसगडी खेडं सुरू होतं. तिथे कोंबडीला म्हणतात ‘कुकरी’ आणि घरामागच्या कुंपणातल्या जागेला ‘बाडी’. भाजीचे वाफे, पपईचं झाड आणि चार-सहा कुकऱ्या असल्या की बाडी भरल्यासारखी वाटते. नावं वेगळी, पण गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसाला हे चित्र अगदी घरचं.

या कोंबड्यांना कुणी धंदा म्हणत नाही. पोराच्या ताटात अंडं, पाहुण्याला रस्सा आणि अडीनडीला दोन पैसे, एवढाच हिशेब. म्हणूनच कोंबडी मलूल झाली की घर अस्वस्थ होतं. मुलगा म्हणतो, ‘दुकानातून औषध आणतो, एका दिवसात सगळं साफ.’ आई म्हणते, ‘ते विष अंड्यात उतरलं तर? मी कडुनिंबाचा पाला घालते.’ दोघांची काळजी खरी आहे. चूक एवढीच की, कोंबडीला नेमकं काय झालंय हे दोघांपैकी कुणीच नीट पाहिलेलं नसतं.

शत्रू एक नाही, अनेक

कोंबडीच्या अंगावर राहणारे आणि पोटात राहणारे, असे या उपद्रवी पाहुण्यांचे दोन गट. पण अंगावरचे सगळेही एका जातीचे नसतात. उवा चोवीस तास कोंबडीच्या अंगावरच असतात. शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं बाजूला सारली की त्या पळताना दिसतात. पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे गठ्ठे चिकटलेले असतात. माइट नावाचे बारीक लाल किडे मात्र दिवसा खुराड्याच्या फटीत, बांबूच्या सांध्यात लपतात आणि रात्री बाहेर पडून रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही! उष्ण हवेत आठवडाभरात त्यांची नवी पिढी तयार होते आणि खुराडं रिकामं ठेवलं तरी ते उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतात. कोंबडीचा गोचीडही असाच फटीत दडणारा. तो रक्त तर पितोच, वर कोंबड्यांना ताप आणणारा जंतू एकीकडून दुसरीकडे पोचवतो. पायाच्या खवल्यांखाली शिरणारा किडा आणखी वेगळा. त्याच्यामुळे पाय चुना लागल्यासारखे खडबडीत होतात आणि कोंबडी लंगडते.

पोटातल्या मंडळींत एक असतो गोल जंत. तो काही इंच लांब वाढतो आणि पिल्लाच्या आतड्यात गर्दी झाली तर रस्ताच बंद करतो. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, दमट हवेत दोनेक आठवड्यांत ‘पिकतात’ आणि दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या पोटात परत जातात. पट्टकृमीची तऱ्हा निराळी. तो मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी यांच्यामार्फत येतो आणि विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे त्याचे तुकडे दिसतात. पिल्लांना रक्ताची हगवण लागली तर संशय घ्यायचा तो कॉक्सिडियाचा. हा जंत नव्हेच, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव आहे. जंताचं औषध त्याला लागू पडत नाही.

राख, चुना आणि ऊन

आजीबाईच्या बटव्यात यावर उपाय आहेत आणि त्यातले काही खरोखर पक्के आहेत. कोंबडी धुळीत लोळते ती गंमत म्हणून नव्हे. पिसांत शिरलेली कोरडी धूळ किड्यांच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि किडे सुकून मरतात. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोंबड्यांना लोळायला भुकटीने भरलेली खोकी ठेवली, तर लोळणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरचे माइट आणि उवा झपाट्याने कमी झाल्या. गंधकाच्या भुकटीचा परिणाम सर्वांत जोरदार होता. म्हणजे कोपऱ्यात राखेचा खड्डा करून ठेवणारी आजी शास्त्राला धरूनच होती!

मात्र राख लाकडाची किंवा गोवऱ्यांची हवी. भिलाईसारख्या गावात दगडी कोळशाची राख सहज हाताशी येते, ती खुराड्यात टाकू नये. तिच्यात शिसं, आर्सेनिक असे घातक पदार्थ असू शकतात आणि कोंबडी जे टिपते ते अंड्यापर्यंत जाऊ शकतं.

फटी बुजवून भिंतींना चुना मारणं हा दुसरा पक्का उपाय. तिसरा उपाय फुकटचा, तो म्हणजे ऊन. जंतांच्या अंड्यांना ओल आणि सावली मानवते, कडक ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. छत्तीसगडात भाताचं तूस मुबलक मिळतं. खुराड्यात त्याचा थर घालावा, तो वरचेवर हलवावा, ओला झालेला भाग लगेच काढावा. कॉक्सिडियाला एक-दोन दिवसांची ओल पुरते, म्हणून गळकं पाण्याचं भांडं हे पिल्लांच्या मरणाचं कारण ठरू शकतं.

कडुनिंबाचं काय? त्याच्या बियांमधलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किड्यांची वाढ आणि अंडी घालणं रोखतं. त्यामुळे पातळ केलेलं निंबतेल फटींमधून फिरवलं तर माइटवर परिणाम होतो. खवले सुटलेल्या पायांना काही दिवस खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडलं तर आतला किडा गुदमरतो. पण पोटातल्या जंतांची गोष्ट इतकी सोपी नाही. पळसाच्या बिया, वावडिंग, पपईच्या बिया, लसूण यांची नावं पिढ्यानपिढ्या घेतली जातात. पळसाला तर छत्तीसगडात तोटा नाही. प्रयोगशाळेत यातल्या काहींचा जंतांवर परिणाम दिसलाही आहे. पण बशीतला जंत मरणं आणि जिवंत कोंबडीच्या आतड्यातला जंत पडणं यात फरक आहे. किती द्यायचं, किती दिवस द्यायचं हे पक्कं ठरलेलं नाही आणि निकाल एकसारखे येत नाहीत. पुण्याच्या ‘अँथ्रा’सारख्या, महिला पशुवैद्यकांनी उभ्या केलेल्या संस्थेने गावोगावचं असं ज्ञान गोळा करून पारखण्याचं काम हाती घेतलं, ते यासाठीच. जुनं ते सगळं सोनं नसतं आणि सगळं पितळही नसतं.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक?

सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते, हे खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन अस्सल नैसर्गिक, पण ते कातडीतून आत शिरतं आणि लहान पक्ष्याचा जीव घेऊ शकतं. कोंबडीच्या पायांना रॉकेल चोळणारेही आहेत. त्याने किडा मरतो, पण कातडी भाजते.

उलट ज्यांना आपण ‘केमिकल’ म्हणतो त्यातली काही निसर्गातूनच आली. परमेथ्रिन हे कीटकनाशक शेवंतीच्या कुळातल्या फुलांत सापडणाऱ्या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेलं. आयव्हरमेक्टिनचा उगम जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवात आहे आणि त्या शोधासाठी २०१५ चा नोबेल पुरस्कार दिला गेला.

नुसत्या ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबलं तर काय होतं, याचा धडा युरोपला २०१७ मध्ये मिळाला. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या पोल्ट्रींमध्ये माइट मारण्यासाठी निलगिरी आणि मेंथॉलचं एक मिश्रण फवारलं जात होतं. गुण असा की, पोल्ट्रीवाले खूश! मग उघड झालं की, त्या वनस्पतीच्या औषधात चोरून फिप्रोनिल मिसळलं होतं. खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांवर हे कीटकनाशक वापरायला युरोपात बंदी आहे. ते अंड्यांत उतरलं. अनेक देशांच्या दुकानांतून कोट्यवधी अंडी मागे घ्यावी लागली, शेकडो पोल्ट्री बंद ठेवाव्या लागल्या. २०२१ मध्ये डच न्यायालयाने दोघांना कैदेची शिक्षा सुनावली.

औषध द्यायचं तर नेमकं

याचा अर्थ आईची भीती खोटी, असा मुळीच नाही. एके काळी आपल्याकडे उवांवर सर्रास गॅमेक्झिन पावडर चोळली जायची. त्यातलं बीएचसी शरीरातल्या चरबीत साठून राहतं, म्हणून भारतात १९९७ मध्ये त्याच्यावर बंदी आली. आजही शेतात फवारायचं औषध पाण्यात कालवून कोंबड्यांना त्यात बुडवणारे आहेत. त्यात उवांबरोबर कोंबडीही जाते आणि वाचली तरी तिची अंडी खाण्यालायक राहत नाहीत.

पण कोंबडी वाळत चालली असेल, विष्ठेत जंत दिसत असतील, पिल्लं मरत असतील, तर पाला चघळवत बसण्यात शहाणपण नाही. पशुवैद्यकाला विष्ठेचा नमुना दाखवावा. दुर्गजवळ अंजोऱ्याला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी दिसली की अंदाजपंचे औषधाची गरज उरत नाही. प्रत्येक औषधाचं काम वेगळं आहे. पायपरझिन गोल जंताला लुळं करतं आणि तो विष्ठेवाटे बाहेर पडतो. पण पट्टकृमीवर ते चालत नाही आणि आतड्याच्या भिंतीत दडलेली जंतांची पिल्लंही सुटतात. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा डोस लागतो. फेनबेंडाझोलचा पल्ला मोठा. कॉक्सिडियासाठी अँप्रोलियम, ते बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेतं आणि कॉक्सिडियाची उपासमार करतं. मानमोडीची लस टोचण्याआधी जंत पाडून घ्यावेत, असंही पशुवैद्यक सांगतात, कारण पोट पोखरलेल्या कोंबडीला लस नीट लागू पडत नाही.

आणि अंडी? औषधाच्या वेष्टनावर अंडी किती दिवस खाऊ नयेत ते पाहावं. हे दिवस औषधागणिक बदलतात. फेनबेंडाझोलच्या काही औषधांना युरोप-अमेरिकेत अंडी न टाकता वापरायची परवानगी आहे, तर लेव्हामिसोल खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना द्यायला युरोपात मनाई आहे. आयव्हरमेक्टिन बलकात साठतं. वेष्टनावर काही लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते अंडं पोराच्या ताटात वाढू नये.

तेव्हा मायलेकांच्या वादात दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. राख, चुना, ऊन आणि झाडू हे रोजचं काम, ते आईचं. घर हाताबाहेर गेलं तर मोजून-मापून औषध, ते मुलाचं. आणि या दोन्हीच्या आधी कोंबडी हातात धरून पिसं उलटी करून बघणं, ते दोघांचं. हे जमलं की कोंबड्या संध्याकाळी पुन्हा आपल्या पायांनी खुराड्यात शिरू लागतात. औषध लागू पडल्याची याहून खात्रीची खूण नाही.

हे लक्षात ठेवा

• आठवड्यातून एकदा शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं बाजूला करून पाहा. माइटचा संशय असेल तर रात्री बॅटरी घेऊन खुराडं तपासा.

• उवांची पावडर त्यांच्या अंड्यांवर चालत नाही. आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा लावा.

• माइट आणि गोचिडांसाठी कोंबडीइतकेच उपचार खुराड्याच्या फटींनाही हवेत.

• नवी कोंबडी आणली की दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.

• पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या एकाच ओल्या जागेत ठेवू नका.

• शेतातलं फवारणीचं औषध किंवा माणसांचं जंताचं औषध अंदाजाने देऊ नका. डोस वजनावर ठरतो आणि तो पशुवैद्यकानेच ठरवावा.